मुलांच्या वाट्याला एक खडूस म्हातारा यायला हवा

आपल्या शहरांत गेल्या काही वर्षांत झालेल्या नव्या उद्यानांचा आराखडा जवळपास सगळीकडे सारखाच असतो. एका कोपऱ्यात घसरगुंडी, झोके, खाली मऊ रबरी फरशी आणि ठरावीक वयाच्या आतल्या मुलांसाठीच असल्याचा फलक. दुसऱ्या टोकाला नाना-नानी पार्क, पाठीला आधार असलेले बाक आणि इथे खेळू नये असा फलक. मधून चालण्याचा ट्रॅक जातो, तो चाळिशीच्या लोकांसाठी. उद्घाटनाच्या भाषणात नगरसेवक सांगतात की सगळ्या वयोगटांचा विचार केला आहे. ते खरंच असतं. प्रत्येक वयोगटाचा वेगवेगळा विचार झालेला असतो. या वयोगटांची एकमेकांशी गाठ कुठे पडणार, हा प्रश्न मात्र नकाशा काढताना कुणाच्या मनात आलेला नसतो.

उद्यानाबाहेरही तेच. लहान मुलं पाळणाघरात, मोठी शाळेत आणि शाळेनंतर क्लासला. म्हातारी माणसं ज्येष्ठ नागरिक संघात, विरंगुळा केंद्रात, नाहीतर बंद दाराआड टीव्हीसमोर. सरकारी खातीही वेगळी: अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, ज्येष्ठांचं धोरण सामाजिक न्याय विभागाकडे. एकाच गल्लीत शंभर पावलांच्या अंतरावर अंगणवाडी आणि विरंगुळा केंद्र असतं आणि वर्षानुवर्षं एकाचा माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्याला शिवत नाही.

ही वाटणी चुकीची आहे आणि ती आपोआप झालेली नाही. आपण ती पैसे खर्चून आणि नियम करून केली आहे. तिच्यामुळे शहरी जगण्यातून एक नातं जवळजवळ पुसलं गेलं. रक्ताचा काही संबंध नसलेला, तुसड्या स्वभावाचा एखादा म्हातारा किंवा म्हातारी, आणि त्या तुसडेपणाला न बधता दारात जाऊन उभं राहणारं मूल. गोष्टींमध्ये हे नातं आपल्याला फार आवडतं. प्रत्यक्षात ते जमायला जी जागा आणि जो रिकामा वेळ लागतो, तो आपण दोघांकडूनही काढून घेतला. तो परत द्यायला हवा, आणि हे काम घराघरातल्या चांगुलपणावर न सोडता सोसायट्यांनी, महापालिकांनी आणि राज्य सरकारने अंगावर घ्यायला हवं.

पूर्वी हे नातं कुणी जमवत नव्हतं. घरांची रचना ते जमवायची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मधून जाणारा लांब पॅसेज आणि संडास सामाईक. गिरगावातल्या चाळींना गॅलरी होती, पुण्यातल्या वाड्यांना ओटा आणि चौक. एवढ्याशा खोलीत माणूस दिवसभर बसू शकत नाही, म्हणून म्हातारा दारात खुर्ची टाकून बसायचा. मुलांना खेळायला दुसरी जागा नसायची, म्हणून ती त्याच पॅसेजमध्ये धावायची. भांडण रोजचं होतं आणि भांडणातून ओळख व्हायची. पॅसेजमधल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायचं की कुठल्या दारापुढून चप्पल न वाजवता जायचं आणि कुठल्या म्हातारीला उशीर झाला तरी दळण आणून दिलं की शेंगदाण्याची चिक्की मिळते.

ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. चाळीत बाईला कपडे बदलायला आडोसा नव्हता, संडासापुढे रांग होती, वाड्यांत बिऱ्हाड देताना जात विचारली जायची. बीडीडीतल्या लोकांना आता संडास-न्हाणीघर असलेलं स्वतःचं मोठं घर मिळतंय, ते त्यांच्या हक्काचंच आहे. पण चाळ पाडून टॉवर उभा करताना पॅसेजच्या बदल्यात काय देणार, हा हिशेब कुणी मांडला नाही. त्याऐवजी लिफ्ट मिळाली. लिफ्टमध्ये म्हातारा आणि मूल शेजारी उभे राहतात ते मिनिटभर, आणि तेही मूल आईचा हात धरून.

दरम्यान माणसांची संख्याही बदलत चालली आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींच्या वर होते. महाराष्ट्रात त्यांचं प्रमाण जवळपास दहा टक्के होतं, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. २०५०पर्यंत दर पाच भारतीयांतला एक साठी ओलांडलेला असेल असा अंदाज आहे. दुसऱ्या बाजूला २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, १.७ होता. म्हणजे पुढच्या पिढीतल्या बऱ्याच मुलांना सख्खं भावंड नसेल, आणि त्यांच्या मुलांना काका, मावशी, आत्या यांपैकी एखादंच नातं मिळेल. खरे आजी-आजोबा गावी किंवा दुसऱ्या शहरात. पुण्यात तर उलटही आहे: आजी-आजोबा इथे आणि नातवंडं न्यू जर्सीत, व्हिडिओ कॉलवर. रक्ताच्या नात्यांची संख्याच घटत असताना शेजारच्या नात्यांना वाव ठेवला नाही, तर मुलाला म्हातारपण दिसणार कुठे, आणि म्हाताऱ्याला लहान मूल भेटणार कुठे?

आमच्या सोसायटीत घडलेली गोष्ट सांगतो. तळमजल्यावर एक आजोबा राहतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर फिटर होते. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी पार्किंगकडे उघडते आणि मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात, कारण दुसरी जागा नाही. चेंडू खिडकीवर आदळला की आजोबा बाहेर यायचे, चेंडू उचलायचे आणि आत नेऊन बादलीत टाकायचे. परत द्यायचे नाहीत. आयांनी विनवून झालं, मुलांनी मागून नावं ठेवून झाली. सोसायटीच्या कमिटीने फलक लावला: पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई, दंड ५०० रुपये. फलकाने आजोबांचा राग गेला नाही आणि मुलांचा खेळही थांबला नाही. मुलं चौकीदार जेवायला गेला की खेळू लागली, एवढाच फरक पडला.

चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबात नऊ वर्षांची मुलगी आहे. तिची आई रुग्णालयात परिचारिका, ड्यूटी बदलती. एका दुपारी ही मुलगी एकटीच आजोबांच्या दारात गेली आणि म्हणाली, चेंडू द्या. आजोबा दार उघडं टाकून मिक्सर खोलून बसले होते. म्हणाले, नाही देणार. ती तिथेच उंबऱ्याबाहेर बसली. त्यांनी तिला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, उजेड अडवू नकोस. ती सरकली. मग म्हणाले, तो टेस्टर दे इकडे. तिने पाना दिला.

"हा टेस्टर आहे होय?"

"टेस्टर कसा असतो ते मला कुणी सांगितलंच नाही, आजोबा."

त्यांनी सांगितलं. टेस्टर कसा धरायचा, अंगठा कुठे ठेवायचा, दिवा का लागतो, आणि मोठं माणूस जवळ नसताना बोर्डाला का हात लावायचा नाही, हे सगळं त्यांच्या नेहमीच्या खेकसण्याच्या सुरात. हे मी जिन्यावरून पाहिलं, बाकीचं पुढे दोघांकडून कळलं. चेंडू त्या दिवशी मिळाला नाही. ती दुसऱ्या दिवशी परत गेली.

पुढच्या काही आठवड्यांत ती त्यांची मदतनीस झाली, असं म्हटलं तर ते आजोबांना पटणार नाही. ते म्हणतात, ती येऊन डोकं खाते. पण तिच्या लक्षात एक गोष्ट आली जी घरातल्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. आजोबांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. सून आणि मुलगा नेहमीच्या जागेवरून, म्हणजे त्यांच्या उजव्या बाजूने बोलत आणि उत्तर आलं नाही की आवाज चढवत. आजोबांना वाटे, हे लोक आपल्यावर सारखे ओरडतात. ती मुलगी डाव्या बाजूला जाऊन बसायची. आणि एक दिवस तिने सरळ सांगून टाकलं: "तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही ओरडता." हे वाक्य त्यांना घरातल्या कुणी म्हटलं असतं तर चार दिवस अबोला झाला असता.

आजोबांनी कानाचं मशीन घेतलं नाही, आजही घेतलेलं नाही. स्वभावही तोच आहे. पण दोघांनी मिळून स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी ठोकली. साधी तारेची, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी. तिने खिळे धरले, त्यांनी हातोडी. आता चेंडू आदळला तर जाळीवर आदळतो. कमिटीच्या सभांमध्ये ज्या विषयावर तास-तास वाद झाला, तो विषय जाळीच्या एका तुकड्याने मिटला. ती जाळी कुठल्याही सभासदाला सुचली नव्हती, कारण सभेत आजोबा होते आणि मुलं नव्हती. मुलांबद्दल बोलणारे पालक होते.

आता यात नेमकं काय घडलं? आपण हे प्रसंग ऐकून हळवे होतो आणि मग त्यांचा धडा भलताच काढतो. 'पाहा, लहान मुलाने म्हाताऱ्याचं मन कसं वितळवलं.' मला हा धडा मान्य नाही. त्यात म्हातारा बिघडलेला आणि मूल त्याला दुरुस्त करणारं, असं गृहीत धरलेलं आहे. आजोबांच्या चिडचिडीला कारणं होती आणि ती खरी होती. ऐकू कमी येणं, गुडघे, रात्री न लागणारी झोप आणि दुपारी लागली की चेंडूने मोडणारी. शिवाय चाळीस वर्षं ज्या हातांनी बसगाड्या दुरुस्त केल्या, त्या हातांना आता कुणी कामच सांगत नाही, हे दुःख. घरात बिघडलेली वस्तू दुरुस्त करायच्या आधी नवी ऑनलाइन मागवली जाते. म्हातारपणीचा खडूसपणा पुष्कळदा हाच असतो: अंगातली दुखणी आणि वाया गेलेलं कसब. त्यावर 'आजोबा, राग सोडा' हा उपाय नाही. त्या मुलीने त्यांना राग सोडायला सांगितलं नाही. तिला टेस्टर कसा असतो ते माहीत नव्हतं आणि त्यांना माहीत होतं, एवढ्यावर सगळं सुरू झालं.

मुलीलाही जे मिळालं ते आई-वडील देऊ शकत नाहीत. आई-वडिलांच्या प्रत्येक बोलण्यामागे तिच्या भविष्याची काळजी असते. शिक्षकांच्या मागे अभ्यासक्रम असतो. आजोबांना तिच्याकडून काहीच नको होतं. तिचे गुण किती, ती पुढे काय होणार, ती इतर मुलांपेक्षा हुशार आहे का, यातलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. ती चुकली की ते चुकलीस म्हणत आणि पुढच्या मिनिटाला विसरत. आजच्या मध्यमवर्गीय मुलाच्या आयुष्यात असा मोठा माणूस शोधूनही सापडत नाही. त्याच्याभोवती असलेला प्रत्येक प्रौढ एक तर त्याला घडवायला निघालेला आहे किंवा त्यासाठी पैसे घेतो. आणि जो कौतुक करतो, तो इतकं करतो की मुलाला त्या कौतुकाची किंमत वाटेनाशी होते. खडूस माणसाने 'बरं जमलं' म्हटलं की मूल तीन जिने उड्या मारत चढतं, कारण तो उगाच म्हणत नाही हे त्याला ठाऊक असतं.

म्हणून मला आपले हल्लीचे उपक्रम खटकतात. १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ज्येष्ठांचा दिवस. त्या दिवशी शाळा मुलांना वृद्धाश्रमात नेतात. मुलं गाणं म्हणतात, नाच करतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो निघतात आणि बस परत जाते. यात म्हातारा प्रेक्षक, मूल कलाकार. दुसरा प्रकार म्हणजे संस्कारवर्ग. तिथे म्हातारा वक्ता आणि मूल प्रेक्षक. दोन्हीकडे एकजण बोलतो आणि दुसरा गप्प बसतो. दोन्हीकडे कुणाला कुणाची गरज नसते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली वेगवेगळ्या गटांतले पूर्वग्रह कसे कमी होतात याबद्दल एक मांडणी केली, ती वंशभेदाच्या संदर्भात होती, पण इथेही लागू पडते. नुसतं एकत्र आणून बसवल्याने काही होत नाही. दोघांची पत बरोबरीची असावी लागते, काम दोघांचं मिळून असावं लागतं, आणि त्या भेटीला आजूबाजूच्या व्यवस्थेचा पाठिंबा असावा लागतो. मिक्सर दुरुस्त करताना तो आणि ती बरोबरीचे होते. शाल घेताना आणि देताना कुणीच बरोबरीचं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने वयावरून होणाऱ्या भेदभावाबद्दल २०२१ साली एक जागतिक अहवाल काढला. त्यात तीन उपाय कामाचे ठरतात असं म्हटलं आहे: कायदे आणि धोरणं, शिक्षण, आणि पिढ्यांचा प्रत्यक्ष संपर्क. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे काही प्रमाणात आहेत. आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ साली आलं. तिसऱ्या गोष्टीकडे पैसा, जागा किंवा कर्मचारी घेऊन कुणी पाहिलेलं नाही.

पण जिथे कुणी पाहिलं तिथे ते जमलं, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे हे छोटं गाव. तिथे ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर आणि पाटी घेऊन दुपारी शाळेत यायच्या. या शाळेची बातमी जगभर गेली, तिचे फोटो गोड म्हणून पाहिले गेले. मला त्यातला जो भाग महत्त्वाचा वाटतो, तो घरातला आहे. आजीचा गृहपाठ नातवंडं घेऊ लागली. ज्या आजीने आयुष्यभर पोरांना दटावलं, तिचं 'क' उलटं आलं की नातू तिला दटावू लागला. आणि कागदावर अंगठ्याऐवजी सही करता येणं हे तिला हवं होतं. कुणी तिच्यावर उपकार करत नव्हतं, कुणी तिचा सत्कार करत नव्हतं. शिकवणाऱ्याची जागा मुलाला मिळाली आणि शिकणाऱ्याची आजीला, आणि त्या अदलाबदलीने घरातलं बोलणंच बदललं. यासाठी लागलं काय? एक शिक्षक, एक खोली, पाट्या आणि गावाची तयारी.

परदेशातली दोन उदाहरणं थोडक्यात. अमेरिकेत सिॲटल शहरातल्या प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट या वृद्धांच्या निवासात १९९१पासून त्याच इमारतीत पाळणाघर चालतं. मुलं आणि राहणारे वृद्ध आठवड्यातून अनेकदा एकत्र काम करतात, खातात, खेळतात. बाल्टिमोरमध्ये 'एक्स्पिरियन्स कोअर' नावाच्या उपक्रमात साठीच्या पुढचे स्वयंसेवक प्राथमिक शाळांमध्ये आठवड्याला १५ तास मुलांना वाचायला शिकवत. त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. तास नियमित आणि भरपूर होते, वर्षातून एकदाची भेट नव्हती. आणि स्वयंसेवकांना खर्चापुरते पैसे मिळत.

हे दुसरं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे या कल्पनेचा गैरवापर होण्याची भीती खरी आहे. आपल्या असंख्य आज्या आधीच मुलं सांभाळतात. सून-लेक नोकरीला, पाळणाघर परवडत नाही, म्हणून सत्तरीतली बाई सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत नातवाच्या मागे धावते. तिला कुणी विचारत नाही की तिला हे हवंय का. ज्येष्ठांना मुलांच्या जवळ आणा, असं म्हणताना म्हाताऱ्या बायकांवर आणखी एक फुकटचं काम टाकलं जाणार असेल, तर मी या कल्पनेच्या विरोधात उभा राहीन. ज्या नात्याबद्दल मी बोलतोय, त्यात म्हाताऱ्या माणसाला दार लावून घेण्याची मोकळीक हवी. चिडण्याचा हक्क हवा. आजोबांचं दार उघडं होतं ते त्यांनी उघडं ठेवलं होतं म्हणून. ती जबाबदारी झाली असती तर त्यांनी ते बंद केलं असतं.

दुसरी भीती याहून मोठी आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. आपलं मूल परक्या माणसाच्या घरी कसं सोडायचं? लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ साली पोक्सो कायदा झाला. त्यातल्या बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीतलाच असतो, शेजारी किंवा नातेवाईक. म्हणून 'म्हातारा माणूस आहे, काय करणार' असं म्हणून चालणार नाही. जी आई हो म्हणायला कचरते तिचं चुकत नाही. पण या भीतीचं उत्तर म्हणून आपण जे केलं, म्हणजे मुलांना बंद खोल्यांत आणि म्हाताऱ्यांना बंद दारांआड ठेवलं, त्याने मुलं सुरक्षित झालेली नाहीत. अत्याचार बंद दारांआडच होतात. म्हणून भेटीची जागा उघडी हवी, चारचौघांच्या नजरेतली. आमच्या सोसायटीतला तो उंबरा जिन्यावरून, पार्किंगमधून आणि समोरच्या दोन खिडक्यांतून दिसतो. चाळीच्या पॅसेजचंही तेच होतं, तिथे कुणीतरी कायम पाहत असायचं. जिथे अशी उपजत नजर नाही, तिथे ती रचनेतून आणावी लागेल. मुलं एकेकटी नकोत, दोन-तीन असावीत. महापालिकेच्या उपक्रमात येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाची पडताळणी व्हावी. आणि मुलांना 'नको' म्हणायला शिकवलेलं असावं, समोर कितीही आदरणीय माणूस असला तरी. ज्याच्या पाया पडायला लावलं त्याला नाही म्हणायचं बळ मुलात कुठून येणार? खडूस आजोबांशी हुज्जत घालणाऱ्या मुलीत ते बळ होतं आणि त्या हुज्जतीने ते वाढलं, असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप ज्येष्ठांचाच असतो: आम्हाला शांतता हवी. मान्य. दुपारची झोप हा सत्तरीतल्या माणसाचा हक्कच आहे. पण मुलांचा खेळही हक्क आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात कलम ३१मध्ये तो लिहिलेला आहे आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. दोन हक्क समोरासमोर आले की बंदी घालणं हा सगळ्यात आळशी मार्ग. वेळ ठरवता येते. दुपारी दोन ते चार खेळ नाही, त्यानंतर कुणी तक्रार करायची नाही, असा साधा नियम दोन्ही बाजूंनी मिळून केला तर पाळला जातो. पाळला गेला नाही तर त्यावर भांडण होईल, आणि मला ते भांडण कमिटीच्या दंडाच्या नोटिशीपेक्षा बरं वाटतं. भांडणात निदान दोघं एकमेकांना नावाने ओळखतात.

तेव्हा मागण्या काय? राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमांत, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकाम करताना दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. ती जागा कशी असावी याबद्दल शहरनियोजनाने आता बोलावं. म्हाताऱ्यांचे बाक खेळाच्या जागेकडे तोंड करून, तिला लागून हवेत. बाकांपाशी सावली, पाण्याचा नळ, जवळ स्वच्छतागृह हवं, कारण ते नसेल तर म्हातारा माणूस अर्ध्या तासात घरी जातो. एक मोठं टेबल हवं, ज्यावर कॅरम, बुद्धिबळ किंवा मोडकी सायकल ठेवता येईल. भेट घडायला हाताशी काहीतरी काम लागतं. नुसते समोरासमोर बाक ठेवून दोन वयं एकमेकांकडे पाहत राहतील.

महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, तेव्हा घरोघरी आज्या होत्या आणि योजनेला त्यांची वेगळी सोय करायची गरज वाटली नाही. आज ती आहे. जिथे अंगणवाडीची नवी इमारत होते आहे तिथे शेजारी एक खोली आणि ओटा विरंगुळा केंद्रासाठी बांधायला फार मोठा जादा खर्च येणार नाही. खरी अडचण दोन खात्यांच्या दोन फाइलींची आहे, आणि ती मंत्रालयातच सुटेल. मात्र अंगणवाडी सेविकेच्या आधीच वाकलेल्या खांद्यांवर हे काम टाकू नये. त्यासाठी वेगळं, मानधन असलेलं माणूस नेमावं, आणि शक्य तिथे तो माणूस ज्येष्ठांमधलाच असावा.

राहिल्या सोसायट्या. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. सामाईक जागा कशी वापरायची ते तिथे ठरतं. पुढच्या सभेत कुणीतरी उठून म्हणावं की खेळबंदीचा फलक काढा, आणि त्याआधी एका रविवारी मुलांची आणि ज्येष्ठांची बैठक घ्या. तक्रार करणारे सगळ्यात कडक आजोबा आणि सगळ्यात जास्त चेंडू गमावलेली मुलं त्या बैठकीला हवीतच. पालकांनी बोलायचं नाही. काय मोडतं, कुणाची झोप कधी असते, कुठे जाळी लागेल, कुणाला काय दुरुस्त करता येतं, हे त्यांनी आपसांत ठरवावं. त्यांनी जे ठरवलं ते सभेने जसंच्या तसं मंजूर करावं आणि जाळीचा खर्च सोसायटीने द्यावा.